बरणीतल्या म्हातारीचा खून

१

"मॅडम, म्हातारी गेली हो! कुणीतरी मारली तिला!"

फोनवर बेकरीचा मालक हुंदके देत होता. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, याची आई गेली. मला माहीत होतं की त्याची आई ठणठणीत आहे आणि हा रडतोय तो एका बरणीसाठी.

म्हातारी म्हणजे त्यांचं आंबवण. पीठ आणि पाणी आंबवून वर्षानुवर्षं जिवंत ठेवलेला गोळा. रोज त्यातलं थोडं काढून पावाच्या पिठात घालायचं, आणि काढलं तेवढं नवं पीठ आणि पाणी त्याला पाजायचं. मालकाच्या आजोबांनी सुरू केलेलं, म्हणून म्हातारी. तिच्यामुळे त्यांच्या पावाला ती चव होती, आणि त्या चवीसाठी लोक दुकानाबाहेर ताटकळत उभे राहायचे.

मी निवृत्त अन्न तपासनीस. एकेकाळी उंदरांपायी मी या बेकरीला टाळं ठोकलं होतं. तेव्हापासून मालक मला घाबरतो आणि मानतोही. पोलिसांकडे जायची त्याची छाती नव्हती. बरणी मेल्याची तक्रार लिहून घेताना हवालदार किती हसला असता, हे तोही जाणून होता.

"कुणी कशालाही हात लावू नका. मी आले," म्हणाले आणि रिक्षा पकडली.

पोचले तेव्हा चहाची वेळ होत आली होती. मागच्या खोलीत सगळे बरणीभोवती सुतक असल्यासारखे उभे. मालक. त्याची बायको, जी गल्ला सांभाळते. त्याचा धाकटा भाऊ, जो गाडीतून पाव पोचवतो. भट्टीकाका, म्हणजे मालकाच्या वडिलांच्या काळापासून भट्टीवर असलेला पांढऱ्या मिशांचा माणूस. आणि कोपऱ्यात, ओला एप्रन हातात पिळत, पीठ मळणारी ताई.

बरणीवर ओलं फडकं होतं. ते मी उचललं. आत म्हातारी नव्हती. बुडबुडे नाहीत, जाळी नाही. नुसती घट्ट पांढरी खळ, पोस्टर चिकटवायला असते तशी.

"उकळतं पाणी ओतलंय," मालक म्हणाला. "शिजवून मारली. फ्रिजमध्ये जपून ठेवलेली छोटी बाटली होती, तीसुद्धा रिकामी करून, धुऊन पालथी घातलीय."

"दुपारी इथे कोण होतं?"

मालकीणबाईंनी मळायच्या टेबलाकडे बोट केलं. टेबलावर पिठाचा थर होता आणि त्यात बोटानं काढलेलं चित्र होतं. एक घर, त्याला धुरांडं, बाजूला झाड. लहान मूल काढतं तसं.

"आमच्याकडे लहान मूल नाही, मॅडम," त्या म्हणाल्या.

मग कोपऱ्यातून ताईचा आवाज आला. "माझ्यात आहे. हे मीच केलं असणार."

२

मी तिला पिठाच्या कोठारात नेलं आणि एका पोत्यावर बसवलं. माझे गुडघे पोत्यावर बसू देत नाहीत, म्हणून मी उभीच.

"असणार म्हणजे काय? केलंस की नाही केलंस?"

"आठवत नाही."

"सोयीस्कर आहे हं!"

मी तशी तोंडाळच. पण ती चिडली नाही. हे सगळं बऱ्याच जणांना बऱ्याच वेळा सांगून झालेलं असावं, अशा सुरात बोलली.

"डॉक्टर त्याला डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर म्हणतात. लहानपणी घरात असं काही घडत होतं की एकट्या पोरीला ते पेलवलं नसतं. मग मनानं वाटणी केली. एकीनं सोसायचं, एकीनं शाळेत जायचं आणि हसायचं. वाटणी झाली ती झालीच. आम्ही तिघी आहोत. मी. एक शिस्तबाई, ती अंगावर बेतलं की कारभार हाती घेते. आणि एक छोटी, ती सात वर्षांचीच राहिली. त्यांच्यातली कुणी पुढे आली की तेवढा वेळ माझ्यापुरता गायब. ट्रे धुतेय हे आठवतं, आणि मग एकदम मागच्या दारात उभी आहे. मधलं कोरं."

"सिनेमात त्यातली एक खुनी निघते."

"हो ना," ती थकून हसली. "आमच्यातली सगळ्यात भयंकर कोण, तर शिस्तबाई. ती लोकांना चपला ओळीत ठेवायला लावते."

मला हसू आलं आणि स्वतःचाच राग आला. चौकशी करताना हसायचं नसतं.

"मग तूच केलंस असं का म्हणतेस?"

"कारण आयुष्यभर तसंच होत आलंय. बशी फुटते, मला आठवत नाही, म्हणजे मीच फोडली. कुणी रागावतं, मला आठवत नाही, म्हणजे मीच काहीतरी बोलले." तिनं एप्रन पुन्हा पिळला. "मॅडम, माझी मुलगी दहा वर्षांची आहे. नवऱ्यानं तिच्या ताब्यासाठी दावा लावलाय. ही बाई वेडी आहे, पोरीला तिच्याजवळ धोका आहे, असं म्हणतो. पुढच्या आठवड्यात तारीख आहे. मालक माझ्या बाजूनं साक्ष देणार होते. बाई कामाला चोख आहे, कधी कुणाला इजा केली नाही, असं सांगणार होते. आता कुठल्या तोंडानं सांगतील? आणि समजा मी म्हातारीला उकळत्या पाण्यानं मारू शकते, तर मग नवरा काय चूक बोलतोय?"

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण ते माझ्या अंगवळणी नाही. मी तडक बरणीपाशी गेले आणि नाक आत घातलं.

आयुष्यभर मी नाकानं कमावलेलं खाल्लंय. आंबवण मेलं, शिजलं, सडलं, तरी त्याचा आंबूस वास जात नाही. या खळीला आंबूस वास अजिबात नव्हता. नुसतं शिजलेलं पीठ. मी बोट घालून पाहिलं. मऊसूत, एक गुठळी नाही. गोळ्यावर वरून उकळतं पाणी ओतलं तर गुठळ्याच गुठळ्या होतात. ही खळ कुणीतरी मंद आचेवर, हात न थांबवता, निवांत ढवळून केली होती.

मी सगळ्यांसमोर मालकाला हाक मारली.

"डोळे पूस. खून झालेलाच नाही. तुझी म्हातारी कुणीतरी पळवलीय, आणि ती जिवंत आहे."

३

आता खरी पंचाईत सुरू झाली. मेलेल्या म्हातारीवर सगळे एकत्र रडत होते, पळवलेल्या म्हातारीवर सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

मी एकेकाला गाठलं. धाकटा गाडीत पाय लांब करून बसला होता.

"माझ्यावर संशय घेताय का? मला तर रडायला यायला पाहिजे. एका मोठ्या कंपनीशी दादाचं बोलणं पक्कं झालंय. ते म्हातारी घेणार, आपलं नाव घेणार, कारखान्यात पाव करणार. इथे फक्त विक्री. या गाडीतून माझी सुटका झाली असती. आता म्हातारीच नाही म्हटल्यावर कंपनी काय, बरणी विकत घेणार?"

पटण्यासारखं होतं. मालकीणबाईंचंही तेच. कंपनीचा प्रस्ताव त्यांनीच नवऱ्याच्या गळी उतरवला होता.

"पहाटेपासून उठून उठून कंबरडं मोडलंय माझं," त्या म्हणाल्या. "मी कशाला पळवू? आणि मॅडम, स्पष्टच बोलते. मारली नसेल तर तिच्यातल्या दुसरीनं पळवली असेल. ते चित्र तिथे काय आपोआप उमटलं?"

चित्र तर खरंच होतं.

भट्टीकाका भट्टीसमोर स्टुलावर बसले होते. बाजूच्या शेगडीवर त्यांचा चहा उकळत होता. साखरेचा पाक करायची ती शेगडी, तिच्यावरच ते दिवसभर चहा करतात.

"मला काय विचारता? नोकर माणूस मी," ते म्हणाले. "म्हातारी गेली, माझं निम्मं आयुष्य गेलं. पण एक सांगतो. त्या पोरीला काही बोलू नका. आजारी माणूस आहे. तिला कळत नाही ती काय करते. मी कितीदा तिला पिठाचा गोळा खेळायला दिलाय, बाळासारखी बसून चिमण्या करते. मालकांना म्हटलं, माफ करून टाका."

भला माणूस, असं मला वाटलं, आणि तरीही काहीतरी खुपलं. काय ते कळेना, म्हणून आणखी चिडचिड झाली.

मी पुन्हा कोठारात गेले. ताई तिथेच होती, पण आता ताठ बसली होती. एप्रनची व्यवस्थित घडी मांडीवर.

"तुम्ही प्रश्न मुद्द्याचे विचारत नाही," ती म्हणाली. आवाज तोच, पण धार वेगळी. "आणि चपला दारात आडव्या काढल्यात."

मला घाम फुटला, खोटं कशाला सांगू. पण चपला सरळ केल्या.

"शिस्तबाई?"

"नाव ठेवायची हौस तिला. विचारा."

"आज दुपारी म्हातारी कुणी नेली?"

"मी नव्हते. छोटी होती. दुपारी सगळं शांत झालं की ती येते, तिला इथलं पीठ आवडतं. चित्र तिचंच आहे."

"मग तिला विचार ना."

"विचारलं. ती सांगत नाही." पहिल्यांदाच तिचा चेहरा अस्वस्थ झाला. "घाबरली की ती पळून जाते, सापडतच नाही. आज तसं नाही. आज समोर आहे आणि ओठ घट्ट मिटून बसलीय. आणि मॅडम, तिला बाहेर ओढायचा प्रयत्न करू नका. दारावरची घंटा नाही ती, दाबली की वाजायला."

म्हणजे चोर पाहणारी साक्षीदार होती. माझ्यापासून हातभर अंतरावर. आणि मी तिला एक शब्द विचारू शकत नव्हते.

४

त्या रात्री मी कूस बदलत पडून राहिले. सकाळी उठले ती ओल्या फडक्याचा विचार करत.

मेलेल्या आंबवणावर ओलं फडकं कोण घालतं? ते घालतात जिवंत आंबवणावर, साय धरू नये म्हणून. चोरानं खळ ओतली, आणि पाठ फिरवण्याआधी सवयीनं हात फडक्याकडे गेला. हा हात पावाच्या धंद्यात मुरलेला होता. गल्ल्यावरचा नव्हे, गाडीवरचा नव्हे. म्हणजे उरले तिघे: मालक, ताई, भट्टीकाका. ज्याच्या घरात ती आधीच आहे, तो मालक म्हातारी पळवून नेणार कुठे? राहिले दोघे.

आणि काकांचं काय खुपलं होतं, तेही कळलं. आदल्या दिवशी मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की म्हातारी जिवंत आहे. मालक नाचायचा बाकी होता. काका मात्र नंतरही "गेली" म्हणत होते, आणि चोर कोण हे न विचारता थेट माफीवर आले होते.

पण हा पुरावा नव्हे. मालकीणबाईंनी एका फुंकरीत उडवला असता. म्हणून मी कपाटातून माझं जुनं ओळखपत्र काढलं, गळ्यात घातलं आणि भट्टी ऐन भरात असताना बेकरीत शिरले. पाकिटातल्या यीस्टवर कसाबसा पाव चालू होता. काकांनी नुकताच पावांचा घाणा आत सारला होता.

"सगळे इकडे या," मी माझ्या जुन्या सरकारी आवाजात म्हणाले. "तुमच्या गिरणीचं या खेपेचं पीठ आम्ही तपासलं. बुरशीनाशक जास्त पडलंय. भाजल्यावर माणसाला काही होत नाही. पाकिटातलं यीस्टही तगतं. पण कच्च्या आंबवणाला हे पीठ चारलं तर ते दिवसभरात काळं पडून मरतं. ज्यानं म्हातारी नेलीय त्यानं इथलंच पीठ नेलं असेल, तर संध्याकाळपर्यंत खेळ खल्लास."

सगळं धादांत खोटं. पण ओळखपत्र गळ्यात असलं की माणसं काहीही ऐकून घेतात.

मालक मटकन खाली बसला. धाकटा म्हणाला, "गेली म्हणायची." मालकीणबाईंनी गिरणीवाल्याला शिव्या घातल्या. ताई स्वतःच्या हातांकडे पाहत राहिली, जणू त्या हातांनीच विष कालवलंय.

आणि मग मला भट्टीतून करपल्याचा वास आला.

"काका, पाव!" मालक ओरडला.

स्टुलावर कुणी नव्हतं. लांब दांड्याचं फावडं जमिनीवर पडलं होतं, आणि मागचं दार सताड उघडं होतं.

५

काकांचं घर मागच्याच गल्लीत. मी गुडघ्यांना शिव्या देत पोचेपर्यंत मालक आणि ताई दारात उभे होते. आत, स्वयंपाकघरात, एप्रनसकट काका जमिनीवर बसले होते. समोर दुधाची मोठी किटली. त्यांनी हात कोपरापर्यंत आत घालून म्हातारी बाहेर काढली होती आणि तिचा वास घेत होते. ती छान फुगली होती, बुडबुड्यांनी भरलेली.

"जिवंत आहे," ते आम्हाला बघून म्हणाले. "कुठे काळी पडलीय?"

"पडणार नाही. मी थाप मारली," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"काका, तुम्ही?" मालक म्हणाला.

"मग काय करू? तिला कारखान्यात विकायला निघालात तुम्ही! तुझ्या बापानं माझ्या हातात दिली होती ती बरणी. म्हणाला, मी नसलो तरी हिला उपाशी ठेवू नकोस. मेली म्हटलं की कंपनी परत जाईल, एवढंच होतं माझ्या मनात. सकाळीच खळ करून ठेवली. दुपारी सगळे आडवे झाले की अदलाबदल."

"आणि ताईचं नाव पुढे आलं तेव्हा गप्प बसलात," मी म्हणाले.

"तिचं काय वाकडं होणार होतं? तिला आठवतच नाही. आजारी माणसाला सगळे माफ करतात. उलट सहानुभूतीच..."

"तिची पोरगी जाणार होती, काका!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारची खिडकी उघडली. "नवरा कोर्टात उभा आहे. बाई धोकादायक आहे एवढं सिद्ध व्हायची वाट बघतोय. तुम्ही त्याला पुरावा करून दिलात."

काकांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. "मुलीचं मला माहीत नव्हतं. शपथ घेतो. मला कुणी सांगितलंच नाही."

तेवढ्यात ताई पुढे झाली. पण चाल ताईची नव्हती. तिनं पाय एकावर एक ठेवले, एप्रनचं टोक बोटाला गुंडाळलं आणि काकांकडे खालून वर पाहिलं, ती त्यांच्यापेक्षा उंच उभी असूनही.

"काका, मी नाही सांगितलं," ती बारीक आवाजात म्हणाली. "तुम्ही म्हणालात ना, हे आपल्या दोघांचं गुपित. मी कुण्णाला नाही सांगितलं. सगळ्यांनी विचारलं तरी नाही. मी शहाणी आहे ना?"

काकांच्या हातातली म्हातारी परत किटलीत पडली.

माझ्या नोकरीत मी सडलेलं खूप पाहिलंय, पण असलं कधी नाही. त्या पोरीला कुणीतरी पूर्वीही हेच सांगितलं असणार. आपलं गुपित, कुणाला सांगायचं नाही, शहाणी ना तू. तिनं तेव्हाही पाळलं असणार. हे कळायला मला कुठल्या डॉक्टरची गरज नव्हती.

काका रडायला लागले. "माझी चिमणी ती, मी सहज बोललो गं. अदलाबदल करताना ती किटलीकडे बघत होती, तिला गप्प करायला म्हणून..."

समोरची मान ताठ झाली. एप्रनचं टोक बोटावरून सुटलं.

"काका," शिस्तबाई म्हणाली, "तुम्ही तिला चिमण्या करायला पीठ दिलंत, ते मी विसरणार नाही. पण आमच्यातल्या कुणालाही पुन्हा कधी गुपित सांगायचं नाही. लहान मुलांना गुपितं सांगत नाहीत. एवढं साधं तुम्हाला या वयात शिकवावं लागतंय."

"नाही सांगणार. पाया पडतो."

"पाया पडू नका. कोर्टात या. मालकांबरोबर तुम्हीही साक्ष द्यायची. चोरी कुणी केली आणि खोटा आळ कुणावर येऊ दिला, सगळं स्वतःच्या तोंडानं सांगायचं."

काकांनी मालकाकडे पाहिलं. मालकानं किटलीकडे. मग मालक म्हणाला, "मीही सांगेन. चार वर्षांत हिच्या हातून एक ट्रे पडलेला नाही, आणि कालसुद्धा मी तिच्याबद्दल वाईटच आधी मानलं, हेसुद्धा सांगेन." कंपनीचं काय ते त्यानं काढलं नाही आणि मीही विचारलं नाही. ते त्यांच्या घरचं भांडण, ते होत राहील.

आम्ही दोघी बाहेर आलो. गल्लीच्या तोंडाशी ती थांबली आणि भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. आता ताई होती. हातांवरून मी ओळखलं, ते पुन्हा एप्रन पिळत होते.

"मॅडम, आत काय झालं? काका रडत होते एवढंच मला दिसलं."

मी सगळं सांगितलं, काहीही न गाळता. छोटी काय म्हणाली तेही. ते ऐकताना तिनं तोंडावर हात दाबून धरला.

"म्हणजे मी नव्हते," ती शेवटी म्हणाली.

"नव्हतीस."

"म्हणजे मला आठवत नव्हतं, आणि तरीही मी नव्हते." तिनं ते स्वतःशी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. "मॅडम, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालंय. पहिल्यांदा."

आणि ती भर रस्त्यात ढसाढसा रडायला लागली. येणारे-जाणारे बघत होते. मी त्यांच्याकडे डोळे वटारले आणि तिला जवळ घेतलं. मला ते नीट जमलं नाही, माझं ओळखपत्र आमच्या दोघींच्या मध्ये अडकलं.

"पोरीची शाळा सुटेल," ती थोड्या वेळानं नाक पुसत म्हणाली. "आज मी तिला एकदा तरी न घाबरता जवळ घेणार आहे. रोज वाटायचं, माझ्याच हातून तिला काही झालं तर, आणि मला कळलंच नाही तर."

ती झपाझप चालायला लागली. गुडघे दुखत होते, तरी मीही तिच्यामागून निघाले.